चेहऱ्यावर ॲसिड लावणं कोणाच्या अखत्यारीत येते? जिल्हा प्रशासनाला खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब,
आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातले मा. अधिकारी,
सविनय नमस्कार.

पार्लरमधे बायांच्या चेहऱ्यावर लावतात त्या ॲसिडची तक्रार मी अर्जानं केली होती, मागच्या महिन्यात त्या अर्जाची उत्तरं आली. कलेक्टर ऑफिसनं अर्ज बाकी दोन कार्यालयांकडे पाठवला होता आणि त्या दोघांकडून जवळपास एकच वाक्य आलं, की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आरोग्य विभाग म्हणते पार्लरची आमच्याकडे नोंदणी नसते. औषध प्रशासन म्हणते ते ॲसिड कॉस्मेटिक आहे आणि विकणारा जिल्ह्याबाहेरचा आहे. पोलीस स्टेशनला गेलो तर तिथले साहेब म्हणाले बाईनं स्वतः जाऊन, पैसे देऊन लावून घेतलं, मी गुन्हा कोणता लिहू. म्हणजे एका बाईचा चेहरा जळला आणि तो कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहून राहिले, तुम्ही वाचाल आणि गावोगावच्या बायापोरीही वाचतील.

मी स्वतः पार्लरवाली आहे. तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं माझं छोटं दुकान आहे, थ्रेडिंग, व्हॅक्सिंग, क्लीनअप, फेशिअल, आणि लग्नसराईत नवरीचा मेकअप, यावर घर चालते, नवरा बटईनं वावर करतो. हे आधीच सांगते कारण हे पत्र पार्लरच्या विरोधात नाही. आमच्या भागात कमी शिकलेल्या कितीतरी बायांनी या धंद्यावर लेकरं शिकवली आहेत. आणि पीलच्या, म्हणजे ॲसिड लावून वरची कातडी काढायच्या उपायाच्याही विरोधात नाही. ज्याला त्यातलं कळते त्याच्या हातात पील काम करते, मुरुमाचे डाग, वांग, खरबडीत कातडी यावर स्किनचे डॉक्टर वर्षानुवर्षं वापरतात. माझी तक्रार आहे ती कोणीही, कुठेही, कोणाच्याही चेहऱ्यावर ॲसिड लावून राहिलं आणि विचारणारं कोणी नाही, याची.

माझी चुलत जाऊ, तिच्या परवानगीनं लिहीत आहे, नाव लिहीत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आलं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत घरात दिराचं लग्न होतं आणि बाजूच्या गावातल्या एका पार्लरवर बोर्ड होता, सात दिवसांत वांग साफ, गोरेपणाची गॅरंटी. माझ्याकडे आली असती तर मी नाही म्हटलं असतं हे तिला माहीत होतं, म्हणून मला न सांगता गेली. तिथं आधी स्क्रबनं चेहरा घासला, मग स्पिरिटनं पुसला, मग पाण्यासारखं दिसणारं लिक्विड ब्रशनं लावलं. चेहरा जळायला लागला. ती म्हणाली, "ताई, लय जळून रायलं वं." पार्लरातली पोरगी म्हणाली, "थोडं जळतेच, फॅन लावते." थोड्या वेळानं जागोजागी कातडी पांढरी पडली. त्या पोरीला वाटलं रिॲक्शन चांगली येऊन राहिली, म्हणून तिनं अजून एक हात मारला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही कोणाला सुचलं नाही, आणि ते पाणी ॲसिड घेऊन गालावरून जबड्याखाली मानेपर्यंत उतरलं. आज वर्ष होऊन गेलं. तिच्या उजव्या गालावर तळहाताएवढा काळा पट्टा आहे, आधीच्या वांगापेक्षा गडद. त्याच्या मधोमध दोन ठिकाणी कातडीचा रंगच गेला आहे. आणि मानेवर, जिथून पाणी ओघळलं, तिथं बोटभर लांब जाड रेघ उठली आहे जी गरमीत खाजते.

नंतर मी त्या पार्लरात गेले आणि बाटली पाहिली. पांढरी प्लास्टिकची, वर छापलेलं टीसीए ३५ टक्के, फॉर प्रोफेशनल यूज ओन्ली. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, एक्सपायरी नाही. कॉस्मेटिक आहे असं तुम्ही म्हणता ना, मग कॉस्मेटिकच्या नियमातसुद्धा हे सगळं लेबलवर असावं लागते, २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. मी या बाटलीचा फोटो अर्जाला जोडला होता. उत्तरात त्याचा उल्लेखही नाही.

आता ते लिक्विड करते काय हे मी इथं लिहिते, कारण मला वाटते अर्ज निकाली काढणाऱ्यानं ते वाचलंच नाही. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड. ते लागलं की कातडीतलं प्रोटीन गोठते, जो पांढरेपणा दिसतो तो हाच, डॉक्टर त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात आणि किती पांढरं झालं यावरून ॲसिड किती खोल उतरलं हे ओळखतात, म्हणजे जिथं थांबायचं तिथं त्या पोरीनं अजून एक थर दिला. साधारण १० ते ३० टक्क्यांपर्यंत ते वरच्या थरात काम करते, ३५ टक्क्यांना त्याच्या खालच्या थरात उतरते, आणि ५० च्या वर तर व्रण पडायच्या भीतीनं डॉक्टरसुद्धा पूर्ण चेहऱ्याला लावायचं टाळतात. पण नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. किती थर दिले, किती दाबून लावलं, आधी स्पिरिट किंवा ॲसिटोननं तेलकटपणा किती काढला, आधी स्क्रब, ब्लीच किंवा व्हॅक्स झालं होतं का, या प्रत्येकानं तेच ॲसिड अजून खोल जाते. आणि आमच्या धंद्यात लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे सगळं एकाच बाईवर होते, अप्पर लिप व्हॅक्स, ब्लीच, स्क्रब, आणि त्यावर पील.

जाऊ ओरडायला लागली तेव्हा त्या पोरीनं न्यूट्रलायझर फवारलं. ते ग्लायकोलिक ॲसिडच्या किटसोबत आलेलं. ग्लायकोलिक पीलचं काम तसंच असते, घड्याळ लावून ठरलेल्या मिनिटांनी सोडा बायकार्बच्या पाण्यानं किंवा साध्या पाण्यानं ते थांबवावं लागते, नाहीतर ते खातच जाते. टीसीए तसं थांबवता येत नाही, ते लागलं की लागलं. आणि ग्लायकोलिकमधेसुद्धा बाटलीवरचा टक्का अर्धीच गोष्ट सांगते, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, किती यावर ते किती जाळेल हे ठरते, तो पीएच या बाटल्यांवर लिहिलेलाच नसतो. सॅलिसिलिक ॲसिडचं पुन्हा तिसरंच. ते पाठीसारख्या मोठ्या भागावर एकदम लावलं तर अंगात शोषलं जाते, कानात आवाज येतो, चक्कर येते, मळमळते. आणि फिनॉल, त्याचं पील तर हृदयाचे ठोके बिघडवू शकते, किडनीवर जाते, मॉनिटर लावल्याशिवाय डॉक्टर ते करत नाहीत. या सगळ्याला बाजारात एकच नाव आहे, पील. घेणाऱ्या बाईला कोणतं लावलं हे विचारलं तर सांगता येत नाही, आणि बरेचदा लावणारीलाही नाही.

हे मला कसं कळलं? जावेला घेऊन नागपूरच्या सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीत गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनं एवढ्या गर्दीतही बसवून समजावून सांगितलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला वाटते तुमच्या प्रत्येक कार्यालयात लावून ठेवावी. कातडीचे सहा प्रकार डॉक्टर धरतात, १९७५ मधे अमेरिकेतल्या फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी ती पद्धत काढली, उन्हानं कातडी जळते की काळी पडते त्यावरून. आपल्याकडच्या बहुतेकांची कातडी चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. या कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशी फार लवकर चिडतात, जरा जखम झाली, जरा जळलं की त्या जागी काळं करून ठेवतात. म्हणून गोऱ्या कातडीच्या लोकांना जे पील चालते ते आपल्याला तसंच्या तसं चालत नाही. खोल पील तर आपल्या रंगाच्या लोकांना डॉक्टर शक्यतो करतच नाहीत. हलकं करायचं तरी आधी दोन ते चार आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन देऊन कातडी तयार करतात, कानामागं थोडंसं लावून पाहतात, सगळ्यात कमी ताकदीपासून सुरू करतात, दोन पीलमधे काही आठवडे जाऊ देतात. आणि पीलनं माणूस गोरा होत नाही. डाग कमी होऊ शकतात, कातडी नितळ दिसू शकते, पण जन्माचा रंग तोच राहते. गोरेपणाची गॅरंटी लिहिणारा प्रत्येक बोर्ड खोटं सांगते, आणि असे बोर्ड तहसील ऑफिसच्या रस्त्यावर लागलेले आहेत, तुमच्या गाड्या रोज तिथूनच जातात.

मॅडमनं पुढं जावेला विचारलं, पील झाल्यावर उन्हात गेली होती का. ती खाली पाहत राहिली. मीच सांगितलं, आठव्या दिवशी हरभरा सोंगायला गेली.

साहेब, या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यासाठी हीच आहे. पील झाल्यावर कातडी नवी, कच्ची असते, तिला ऊन सहन होत नाही, काही आठवडे तरी उन्हापासून जपावं लागते, दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन लावावं लागते. आता मला सांगा आमच्याकडची कोणती बाई हे करू शकते? चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, ही नावं उन्हाळ्यात रोज टीव्हीवर येतात, पारा ४५ च्या वर जातो. बाई सकाळी स्वयंपाक करून वावरात जाते ती दुपारनंतर येते, कधी निंदण, कधी सोंगणी, कधी कापूस वेचणं, मे महिन्यात जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता. डोक्यावर पदर आणि फार तर दुपट्टा बांधते. निंदणाचा रोज दोनशे-अडीचशे रुपये, सनस्क्रीनची बरी ट्यूब त्याच्या दुप्पट. वांग मुळात उन्हानं वाढते, बाळंतपण आणि पाळणा लांबवायच्या गोळ्यांनीही येते, आणि उन्हातच परत जायचं असेल तर पील करूनही ते पुन्हा येते. म्हणजे ज्या बाईला पीलचा फायदा सगळ्यात कमी आणि धोका सगळ्यात जास्त, तिलाच ते सगळ्यात जोरात विकून राहिले, कारण तिच्याच गालावर वांग आहे आणि तिलाच घरातले बोलतात.

डॉक्टर पील करायच्या आधी जे प्रश्न विचारतात ते इथं कोणीच विचारत नाही. ओठाच्या कडेला तापानं पाण्याचे फोड उठतात का? कारण तो हर्पिसचा विषाणू अंगात दबून बसलेला असते आणि पीलनंतर पूर्ण चेहऱ्यावर उसळू शकते, म्हणून डॉक्टर आधीच गोळ्या देतात. जखम झाल्यावर कातडी जाड होऊन वर येते का, ज्याला केलॉइड म्हणतात? माझ्या जावेच्या हातावर लहानपणच्या भाजल्याची तशी गाठ आहे, सगळ्यांना दिसते, विचारलं असतं तर तिच्या मानेवर ती रेघ उठली नसती. मुरुमासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का किंवा नुकत्याच बंद केल्या का? दिवस गेले आहेत का, अंगावर पाजते का? ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का? हे विचारायला पैसे लागत नाहीत. पण विचारलं तर गिऱ्हाईक जाते.

मानेचं वेगळं सांगते, कारण आजकाल काळ्या मानेवर पीलची जाहिरात फार आहे. मानेवरची कातडी पातळ असते आणि चेहऱ्यासारखी लवकर भरत नाही, तिथं जळलं तर व्रण पडायचा धोका जास्त. आणि लठ्ठ पोरींची मान मखमली, जाड, काळी पडते, बगलेत पण तसंच होते, तो मळ नसतो. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, पुढं शुगर होऊ शकते. अशी पोरगी माझ्याकडे आली तर मी तिला म्हणते आधी पीएचसीत जाऊन शुगर तपास. दुसरीकडे तिच्या मानेवर ॲसिड लावतात आणि पंधराशे घेतात. म्हणजे कातडीही जाळली आणि आजारही झाकून टाकला.

जळल्यावर काय होते तेही सांगते. जावेची कातडी करपून चेहऱ्यावर ताणल्यासारखी झाली, पापुद्रे निघायला लागले, लग्न होतं म्हणून तिनं ते ओढून काढले, जे कधीच काढायचे नसतात. मग गावातल्या मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, चिठ्ठी न विचारता. त्यात स्टेरॉइड होतं. आठवडाभर बरं वाटलं, लाली गेली, म्हणून तिनं दोन महिने लावली. मग ट्यूब बंद केली की चेहरा लाल, आग, पुरळ, ओठावर लव. २०१८ पासून केंद्रानं कातडीला लावायच्या अशा कितीतरी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमधे कडकपणे आणल्या, चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. औषध प्रशासनातल्या साहेबांनो, हे तर तुमच्याच अखत्यारीत आहे ना? आमच्या बाजाराच्या दिवशी साध्या कपड्यात या आणि कोणत्याही दुकानात फेअरनेसची ट्यूब मागून पहा.

आता विक्रीचं. २०१३ मधे सुप्रीम कोर्टानं ॲसिडच्या विक्रीवर बंधनं आणली, ॲसिड हल्ल्यातल्या मुलींनी लढून ती मिळवली. दुकानदारानं रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं ओळखपत्र पहायचं, कशाला पाहिजे ते लिहायचं. आणि मुद्दाम चेहऱ्यावर लावायला बनवलेलं ॲसिड कुरिअरनं घरी येते, वय विचारत नाहीत, शिक्षण विचारत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जुलै २०२४ मधे तिथल्या लोकांना जाहीर सांगितलं की टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक अशा जास्त ताकदीच्या पीलच्या बाटल्या ऑनलाइन घेऊन स्वतः लावू नका, भाजते, व्रण पडतात, चेहरा विद्रूप होऊ शकते. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आयएडीव्हीएलनं, २००८ मधेच पीलसाठी मार्गदर्शक सूचना छापल्या आहेत की ते शिकलेल्या डॉक्टरनंच करावं. म्हणजे माहिती सगळी आहे. ती तालुक्यापर्यंत आणायचं काम कोणी केलं नाही.

ती पोरगी, जिनं माझ्या जावेला पील लावलं, तिच्यावर मला राग नाही असं म्हणणार नाही, पण तिचंही सांगते. बारावी झालेली, लग्न मोडून माहेरी आलेली, आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून तिनं एका दिवसाचा ॲडव्हान्स स्किन कोर्स केला. लॉजच्या हॉलमधे शिकवला. दुपारी जेवणासकट. संध्याकाळी सर्टिफिकेट आणि किट. शिकवणारा तिला म्हणाला हे हर्बल आहे, काही होत नाही. शिकवणारे निघून गेले, बाटली आणि भांडण तिच्याकडे राहिलं. आता पुन्हा त्याच लॉजच्या हॉलचे पोस्टर लागले आहेत, लग्नसराई येऊन राहिली म्हणून. आणि महिला बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरून राहिले, शासनाच्या कार्यक्रमाचे फोटो खाली जोडून, म्हणजे बायांना वाटावं सरकारचंच आहे. हे थांबवायला कोणता कायदा लागते?

पार्लर उघडताना मला फक्त गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, लागला. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन कळवलं की पावती मिळते, त्यात मी भुवया कोरते की ॲसिड लावते हे कोणी विचारत नाही. बिल द्यायची पद्धत नाही, म्हणून नंतर ग्राहक कोर्टात जायचं तरी पुरावा नाही. जावेकडे त्या दिवसाचा पुरावा म्हणजे फक्त तिचा चेहरा.

२०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. तेव्हाही बाटल्या सगळीकडे मिळत होत्या आणि कशी वापरायची, काय घालून वापरायची, हे सांगायची जबाबदारी कोणाची यावर माणसं मेल्यावर चर्चा झाली. पीलनं माणूस सहसा मरत नाही हे मला माहीत आहे. पण एक बाई वर्षभर आरशात पाहत नाही, लेकराच्या शाळेत जात नाही, नवरा चारचौघात बोलतो, आणि उपचाराच्या खर्चासाठी शेळ्या विकते, याला काहीच मोजायचं नाही का?

म्हणून माझ्या मागण्या, सरळ लिहिते.

पहिली, तुमच्या तिघांपैकी कोण हे पाहणार ते ठरवा आणि लेखी जाहीर करा. १९६१ चा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायदा आहे, नोंदणी नसलेल्यानं वैद्यकीय व्यवसाय करू नये असं त्याचं कलम ३३ सांगते. टीसीएसारखं पील लावणं त्यात बसते की नाही, बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्या हे तपासतील की नाही, याचं हो किंवा नाही असं उत्तर द्या.

दुसरी, पार्लरमधे काय चालेल आणि काय नाही याची साधी मराठीत एक पानाची यादी काढा आणि प्रत्येक पार्लरवर लावायला सांगा. आम्ही पार्लरवाल्या ते पाळू. आम्हालाही ते पाहिजे आहे, कारण आज मी पील करत नाही म्हटलं की गिऱ्हाईक म्हणते तुला येत नाही, आणि समोरच्या दुकानात जाते.

तिसरी, पार्लरच्या मालाच्या होलसेल दुकानांतून आणि ऑनलाइन येणाऱ्या पीलच्या बाटल्यांचे नमुने घ्या. ज्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच, लायसन्स नंबर नाही त्या जप्त करा. आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड क्रीम विकणाऱ्या मेडिकलवर कारवाई करा.

चौथी, एका दिवसाच्या पील कोर्सवर या लग्नसराईच्या आधी बंदी घाला, आणि बचत गटांच्या ग्रुपवर शासनाचा फोटो जोडून जाहिरात करणाऱ्यांना नोटीस द्या.

पाचवी, ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञ बसवा. वांगासाठी, मुरुमासाठी, खरजेसाठी आमच्या बाया नागपूरला किंवा सेवाग्रामला जातात, एका दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जाते, म्हणूनच त्या पार्लरवाल्या किंवा मेडिकलवाल्याकडे जातात. जवळ डॉक्टर असता तर अर्धा प्रश्न उरलाच नसता. हे मी आरोग्य विभागाला खास कळकळीनं सांगते.

सहावी, ज्यांचे चेहरे असे जळले आहेत त्यांची नोंद घ्यायला सुरुवात करा. आशाताईंना सांगा, त्यांना घराघरातलं माहीत असते. माझ्या ओळखीतच जावेशिवाय आणखी बाया आहेत ज्या तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात आणि विचारलं तर म्हणतात ॲलर्जी झाली. त्यांचा उपचार जिल्हा रुग्णालयात मोफत आणि लाज न वाटू देता व्हावा.

आणि हे वाचणाऱ्या बायांनो, पोरींनो, तुमच्यासाठी थोडं, कारण साहेबांचं उत्तर यायला वेळ लागेल. कोणी पील लावतो म्हटलं तर विचारा कोणतं ॲसिड, किती टक्के, बाटली दाखव, डॉक्टर कोण. उत्तर आलं नाही तर उठा. लग्नाला महिनाही राहिला नसेल तर चेहऱ्यावर पहिल्यांदाच कोणताही नवा प्रयोग करू नका. लावल्यावर सहन होण्यापलीकडे जळलं तर थांबायला सांगा, भरपूर साध्या पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. टूथपेस्ट, हळद, लिंबू, चुना काही लावू नका. फोड फोडू नका, पापुद्रे ओढू नका. बाटलीचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरला तोच सगळ्यात आधी लागते. आणि घरातल्या सासवांना, नवऱ्यांना माझी विनंती आहे की वांग आलेल्या बाईला तिच्या तोंडावरून बोलू नका. ते तिनं मागून आणलं नाही, तुमच्याच वावरात उन्हात उभं राहून आणि तुमचीच लेकरं जन्माला घालून आलेलं आहे.

साहेब, माझा अर्ज पुन्हा नव्यानं देत आहे. सोबत बाटलीचा फोटो, जावेच्या दवाखान्याचे कागद आणि तालुक्यातल्या ज्या पार्लरवाल्या भगिनींना हे पटलं त्यांच्या सह्या आहेत. यावेळी उत्तरात अखत्यारीत येत नाही असं लिहायचं असेल तर कोणाच्या अखत्यारीत येते तेही त्याच कागदावर लिहा, नाव आणि टेबलासकट. आणि पार्लरची तपासणी सुरू करणार असाल तर पहिली माझ्या दुकानाची करा. सकाळी दहा ते संध्याकाळी सात उघडं असते, मधल्या वेळेत कधीही या.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक पार्लरवाली